लंगडायची तालीम

चेकर रिटायर झाला, पण त्याचे डोळे काही रिटायर झाले नाहीत. आख्खी उमर त्यानं बसमध्ये तिकिटं तपासण्यात घालवली. पायरीवर पाय ठेवला की त्याला कळायचं, आत फुकट कोण बसलंय. जो खिडकीबाहेर फार मन लावून बघतो, तो. जो झोपलाय पण ज्याच्या पापण्या थरथरतायत, तो. आणि जो आपणहून "या साहेब, बसा" म्हणतो, तो तर नक्कीच. आता बस नाही, प्रवासी नाहीत, पण सवय थोडीच जाते. दूधवाल्यानं हसून मान हलवली तरी ह्याला वाटायचं, आज पाणी जास्त घातलेलं दिसतंय.

तर असा हा माणूस त्या दिवशी वकीलबाईंच्या ऑफिसात बसला होता. खाली झेरॉक्सचं दुकान, वर हे ऑफिस. जमिनीतून मशीनची घरघर पायांना लागायची. एका बाजूला त्याची थोरली बहीण, ताई. दुसऱ्या बाजूला तिचा नवरा, म्हणजे चेकरचे दाजी. दाजी जुने फौजी. खुर्चीत असे बसले होते, जशी फूटपट्टी गिळलीय.

वकीलबाईंनी चष्मा डोक्यावर चढवला. "परत एकदा सांगते, म्हणजे गोंधळ नको. लढाईत ह्यांची गाडी सुरुंगावर गेली. खुब्याला मार लागला. कामचलाऊ इलाज झाला आणि परत कामावर घेतलं. पुढं फौजेतून सुटताना डॉक्टरांच्या बोर्डानं विचारलं, काही तक्रार आहे का. हे म्हणाले, नाही साहेब. बोर्डानं लिहून टाकलं, चाल सरळ, तब्येत ठणठणीत."

"बरोबर," दाजी म्हणाले.

"बरोबर काय, तिथंच तर घोडं अडलंय. आता खात्याचं म्हणणं, खुबा नंतर गेला, वॉचमनची नोकरी करताना. लढाईशी संबंध नाही. म्हणून अपंगत्वाचं पेन्शन नाही आणि फौजेच्या हॉस्पिटलात ऑपरेशनही नाही. बाहेर करायचं म्हटलं तर घर विकावं लागेल. आणि नाही केलं तर डॉक्टर म्हणतात, पुढच्या वर्षी खाट." मग त्या चेकरकडे वळल्या. "बायकोची साक्ष कोर्ट फारशी धरत नाही, बायको नवऱ्याचंच बोलणार. तुम्ही पलीकडच्याच गल्लीत राहता. रोज चहाला जाता. तुम्ही एवढंच सांगायचं, की हे लढाईवरून आले तेव्हापासून लंगडतात."

"सांगतो की," चेकर म्हणाला. तोंडानं म्हणाला. मनातून मात्र त्याला ते पटलं नव्हतं. कारण त्यानं दाजींना लंगडताना एकदाही बघितलं नव्हतं.

निघताना वकीलबाईंनी दाजींना थांबवलं. "आणि तुम्ही. मागच्या तारखेला तुम्ही कोर्टात असे चालत आलात, जशी काही सलामीच द्यायला आलात. सरकारी वकिलाला काही बोलावंसुद्धा लागलं नाही. ह्या वेळी मेहेरबानी करा, ताठ चालू नका."

"हो," दाजी म्हणाले, आणि ताडताड चालत बाहेर गेले.

दाजी रिक्षात बसेपर्यंत चेकरनं ताईला हळूच गाठलं. "ताई, खरं सांग. दाजी लंगडतात?"

"लंगडतात की."

"मी कधी बघितलं नाही."

"तू कुठं बघतोस. तू नुसता तपासतोस," ताई म्हणाली आणि रिक्षात चढून बसली.

झालं. चेकरच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. ताई इतकी पटकन बोलली कशी? माणूस खरं सांगताना थोडा घुटमळतो, आठवतो, डोकं खाजवतो. खोट्याचं उत्तर तयार असतं. शपथ घेऊन साक्ष द्यायची म्हणजे गंमत नाही. ज्यानं जन्मभर लोकांचे बहाणे धरले, त्यानं म्हातारपणी स्वतःच बहाणा करायचा, तोही कोर्टात उभा राहून? आणि नाही केला तर बहिणीचा नवरा खाटेवर. दोन्हीकडून मान अडकली.

पुढचे दिवस त्यानं चहाला जाऊन दुसरं काही केलंच नाही, नुसती नजर ठेवली. हा जायचा तेव्हा दाजी आधीच खुर्चीत बसलेले असायचे. बूट चकचकीत, पाय जुळवलेले. उठायचे तर झटक्यात उठायचे. चालायचे तर फरशी मोजल्यासारखे चालायचे. लंगडणं सोडा, खुर्चीत साधी बैठकसुद्धा बदलायचे नाहीत.

आणि आणखी एक भानगड त्याच्या लक्षात आली. दुपार झाली की दाजी गायब. ताईला विचारलं तर म्हणाली, "वकीलबाईंकडे गेलेत, काहीतरी कागदाचं." चेकरनं वकीलबाईंना फोन लावला, सहज म्हणून. त्या म्हणाल्या, "इथं? त्या दिवसानंतर फिरकलेच नाहीत."

मग काय. दुसऱ्या दिवशी दुपारी चेकर त्यांच्या मागावर. माग कसा काढायचा हे त्याला शिकवायला नको. समोरच्या फुटपाथवरनं, थोडं मागं, नजर दुकानांच्या काचांवर. दाजी नीट सरळ चालत बस डेपोच्या मागच्या बाजूला गेले. तिथं जुने टायर गुळगुळीत झाले की नवे करून द्यायचं एक गोदाम होतं. त्याचा मालक उस्ताद. उस्ताद म्हणजे दाजींच्या पलटणीत कवायत शिकवायचा तो. गळ्यातला आवाज म्हणजे भोंगाच.

पत्र्याला एक फट होती. चेकरनं डोळा लावला.

आत हवेचा पंप धडधडत होता, त्यामुळं काही ऐकू येईना. पण दिसत होतं. टायरच्या चवडींमधली जागा झाडून मोकळी केलेली. एका टोकाला उस्ताद कमरेवर हात ठेवून उभा. दुसऱ्या टोकाहून दाजी येत होते. आणि दाजी लंगडत होते. अगदी नाटकातला भिकारी लंगडतो तसे. उजवा पाय घासत, खांदा खाली टाकून, तोंड वेडंवाकडं करून. मधेच उस्तादनं हात वर केला. दाजी थांबले, सरळ झाले, ताडताड चालत परत जागेवर गेले. उस्तादनं खूण केली. दाजी परत लंगडायला लागले.

इतक्यात पंप बंद पडला, आणि उस्तादचा आवाज पत्र्याला येऊन आदळला. "मग उजवाच ओढ. कुणाला कळतंय?"

चेकर फटीपासून बाजूला झाला. जन्मभर त्यानं नाना तऱ्हेची सोंगं बघितली. पण घरातल्याच माणसाला सोंगाची तालीम करताना बघायची त्याच्यावर कधी पाळी आली नव्हती.

संध्याकाळी तो ताईकडे गेला तो तडक स्वयंपाकघरात. दाजी बाहेर खुर्चीत पेपर वाचत होते.

"ताई, मी साक्ष देणार नाही."

ताई कपात चहा गाळत होती. गाळणीतली धार जराही हलली नाही. "का?"

"दाजी टायरच्या गोदामात लंगडायला शिकतायत. माझ्या डोळ्यांनी बघितलं. पायसुद्धा ठरलेला नाही त्यांचा. कुठला ओढायचा ते उस्ताद ठरवतो."

"तू माझ्या नवऱ्याला चोर म्हणतोयस."

"मी कुणाला काही म्हणत नाही. बघितलं ते सांगतोय."

ताईनं कप त्याच्यासमोर ठेवला. कधी बघितलंस, कुठं बघितलंस, काही विचारलं नाही. म्हणजे हिला आधीच माहीत होतं, चेकरनं मनात टिपलं. नवरा-बायको दोघं सामील आहेत.

"साक्ष दे नाहीतर देऊ नकोस," ताई म्हणाली. "मी तुझ्या पाया पडणार नाही. लहानपणी तुला कडेवर घेऊन माझी कंबर वाकडी झाली, त्याची तरी कुठं मी तक्रार केली. चहा घे, गार होतोय."

हे असं बोलून माणसाला गार करायची ताईची जुनी खोड. चेकर चहा पिऊन घरी आला, पण त्याला चैन पडेना. चेकिंगमध्ये एक नियम असतो. एकदा बघून कुणाला धरायचं नाही. जिथं तुम्ही चढाल असं कुणाला वाटत नाही, त्या स्टॉपवर चढायचं आणि परत बघायचं.

म्हणून त्यानं ताईला फोन करून सांगितलं, मुलीकडे चाललोय, आठवडाभर येणार नाही. सकाळी पिशवी घेऊन सगळ्यांच्या देखत बसमध्ये बसला. पुढच्याच स्टॉपवर उतरला. मागच्या गल्लीनं चालत ताईच्या घरी आला. परसदाराची एक किल्ली त्याच्याकडे होतीच. आत शिरला आणि जिन्यासमोरच्या कोठीच्या खोलीत जाऊन एका पोत्यावर बसला. दार बोटभर उघडं ठेवलं. दाजी-ताई वर झोपायचे. तिथंच न्हाणीघर, म्हणून.

बसून बसून पाय मुंग्यांनी भरले, तेव्हा वर हालचाल झाली.

आधी ताई उतरली. अर्ध्या जिन्यात येऊन थांबली आणि वर तोंड करून उभी राहिली. मग दाजी आले. चेकरला आधी त्यांची पाठच दिसली. दाजी उलटे उतरत होते. भिंतीकडे तोंड, दोन्ही हात कठड्यावर, शिडीवरनं उतरतात तसे. आधी डावा पाय खाली सोडायचा, नुसता सोडायचा, जसा काही तो पाय दुसऱ्या कुणाचा आहे. मग हातांवर सगळं वजन घेऊन उजवा आणायचा. मग थांबायचं. ताईचा एक हात त्यांच्या पाठीला. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. "सांभाळून" नाही, "हळू" नाही. इतक्या वर्षांत बोलायचं काही उरलंच नसावं.

खाली आल्यावर दाजींनी भिंतीला कपाळ टेकलं आणि तसेच राहिले. ताईनं पदरानं त्यांची मान पुसली. मग धरून खुर्चीत बसवलं, खाली बसली, आणि त्यांच्या पायांत मोजे चढवले, बूट घातले, नाड्या बांधल्या. लहान पोराला शाळेत पाठवताना बांधतात तशा. दाजी त्या वेळात दुसरीकडेच बघत होते.

तेवढ्यात दारावर दूधवाला आला. आणि काय झालं, तर हा माणूस खटकन उठला, छाती पुढं काढली, ताडताड चालत दारापर्यंत गेला, दूध घेतलं, "काय रे, उशीर" असं दरडावलं, आणि दार लावून घेतलं. दार लागल्याबरोबर हात चौकटीला. तिथून खुर्चीपर्यंत यायला ताईला पुढं व्हावं लागलं.

चेकर तोंड उघडं टाकून बघत राहिला. विनातिकीट माणूस तिकीट असल्यासारखा वागतो, हे त्याला पाठ होतं. पण हा पहिलाच प्रवासी असा बघितला, की खिशात तिकीट आहे आणि मेला तरी काढून दाखवत नाही.

तरी त्याच्यातला चेकर लगेच म्हणाला, थांब. ताईला कळलं असेल का तू इथं आहेस? हे तुझ्यासाठीच चाललं नसेल ना? तो विचार पुरा होतो न होतो तोच पोत्याची धूळ नाकात गेली, आणि त्याला अशी शिंक आली की दार आपोआप उघडलं.

"कोण आहे तिथं?" दाजी गरजले.

"मी."

"तू मुलीकडे गेला होतास ना?"

"पुढच्या स्टॉपवर उतरलो."

ताई कमरेवर हात ठेवून दारात आली. "कांद्यावर बसलायस का तू? ऊठ आधी. सगळे चेचले असतील."

चेकर बाहेर आला. कपडे झटकले. दाजींच्या चेहऱ्यावर राग होता, पण त्याहून जास्त लाज होती. नागडं बघितल्यासारखी.

"झालं तपासून?" दाजी म्हणाले.

"झालं. आता मला सांगा, एवढं सगळं असताना तुम्ही बोर्डाला नाही साहेब का म्हणालात?"

दाजींनी नाड्यांकडे बघितलं. "तू रांगेत नव्हतास म्हणून विचारतोस. बाहेर गाड्या उभ्या होत्या, घरी जायच्या. जो तक्रार सांगेल त्याला बाजूला काढायचे आणि हॉस्पिटलात टाकायचे. महिनोन्महिने. साहेब विचारायचा, काही तक्रार? आख्खी रांग म्हणायची, नाही साहेब. माझ्या पुढच्याचे कान तोफेनं गेले होते. त्याला प्रश्नसुद्धा ऐकू आला नाही. तोही म्हणाला, नाही साहेब."

"आणि गोदामातलं ते काय होतं?"

"वकीलबाई म्हणाल्या, ताठ चालू नका. मला चार माणसांत दुसरं चालता येत नाही. साहेब दिसला की अंग आपोआप उभं राहतं. म्हणून उस्तादकडे शिकत होतो."

"अहो पण उजव्या पायानं? दुखतो तो डावा."

"डावा ओढला की जीव जातो," दाजी म्हणाले. "उजवा सोपा पडतो."

ताई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. हसत होती की काय करत होती, चेकरला कळलं नाही.

"ही तालीम बंद करा," चेकर म्हणाला. "सोंग आहे हे आंधळ्यालाही कळेल. तुम्ही जसे आहात तसे चला."

"ठरलं," दाजी म्हणाले. फारच लवकर म्हणाले. चेकरला ते काही आवडलं नाही.

तारखेच्या दिवशी पेन्शन कोर्टाच्या हॉलमध्ये बाकं भरलेली होती. सगळे दाजींसारखेच जुने फौजी. कुणाचा हात नाही, कुणाची नजर नाही, आणि सगळे ताठ बसलेले. वर मांडीवर फायली. समोर उंच टेबलाशी दोघं जण. एक अध्यक्ष, जुने न्यायाधीश. त्यांच्या शेजारी फौजेतून रिटायर झालेले एक बडे साहेब. अंगावर साधा सदरा, पण बसायची पद्धत दाजींचीच. सरकारी वकील तरुण आणि फार गोड बोलणारा. येताच त्यानं ताईला बसायला जागा करून दिली. चेकरनं त्याला तेव्हाच ओळखून ठेवलं.

दाजींचा पुकारा झाला. दाजी उठले. समोर बडे साहेब दिसले, आणि तालीम, वकीलबाई, मेहुणा, सगळं वाऱ्यावर गेलं. ताड, ताड, ताड. अर्ध्या हॉलपर्यंत माणूस संचलनात आल्यासारखा आला. आणि तिथं त्यांना एकदम आठवलं. एकदम उजवा पाय खाली बसला, खांदा पडला, तोंड वाकडं झालं. उरलेला अर्धा हॉल दाजी नाटकातले भिकारी होऊन पार करून गेले.

मागच्या बाकावर कुणीतरी खोकून हसू दाबलं. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले.

सरकारी वकील उठला आणि वाकला. "मला विशेष काही बोलायचं नाही. आपण पाहिलंच आहे."

चेकरला बोलावलं. शपथ झाली. वकीलबाईंचा आवाज खोल गेला होता, तरी त्यांनी ठरलेला प्रश्न विचारला. "लढाईवरून आल्यापासून तुम्ही ह्यांना लंगडताना पाहिलंय?"

"नाही," चेकर म्हणाला.

वकीलबाईंचं पेन थांबलं.

"मी त्यांना लंगडताना दोनदाच बघितलं. एकदा टायरच्या गोदामात आणि एकदा आत्ता. दोन्ही वेळा खोटं होतं."

चेकरनं ताईकडे बघायचं टाळलं. सरकारी वकील पुढं सरकला. "टायरच्या गोदामात म्हणजे? तिथं काय चाललं होतं?"

"तालीम. लंगडायची."

"धन्यवाद. एवढं पुरे."

"मला पुरे नाही," चेकर म्हणाला. "शपथेत सगळं खरं सांगेन असं म्हणायला लावलंत. अर्धंच सांगून खाली बसू का?"

अध्यक्षांनी हात हलवला. "बोलू द्या."

मग चेकरनं सांगितलं. जिना, कठडा, भिंतीकडचं तोंड, मोजे, नाड्या, दूधवाला. पोत्यावर कसा लपून बसला तेही सांगितलं. सांगताना त्याला दाजींची नजर पाठीत रुतल्यासारखी वाटत होती. हे असलं काही चार लोकांत बोललं जातं का, असं ती नजर म्हणत होती. पण आता थांबून उपयोग नव्हता.

सरकारी वकील गोड हसला. "जो माणूस गोदामात तालीम करतो, तो जिन्यावर करणार नाही कशावरून?"

"करू शकतो. मलाही तेच वाटलं होतं."

"तुम्ही लपलात हे तुमच्या बहिणीला माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"खात्री आहे?"

आता चेकरनं ताईकडे बघितलं. ताई त्याच्याकडेच बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरनं त्याला काही म्हणता काही वाचता येईना. जन्मभर माणसं वाचली, आणि सख्खी बहीण कोरी.

"खात्री नाही साहेब," तो शेवटी म्हणाला. "बसमध्येही कधी नसायची. कुणाचंही तोंड बघून मी दंडाची पावती फाडली नाही. तिकीट हातात घेऊन बघायचं, तेवढंच खरं."

सरकारी वकील बसला. इतका वेळ एक शब्द न बोललेले बडे साहेब टेबलावर पुढं झुकले. त्यांचे डोळे चेकरच्याच जातीचे होते. कुणावरही न विसंबणारे.

"जवान," ते दाजींना म्हणाले. "उभे राहा."

दाजी उभे राहिले.

"सावधान."

टाचा जुळल्या. हात बाजूला चिकटले. सोंग गेलं, सगळं गेलं, फूटपट्टी परत जागेवर आली.

"जागेवर कदमताल."

चेकरला कवायत काही कळत नव्हती. पण दाजींच्या मानेची शीर ताठ झालेली त्याला दिसली. उजवा गुडघा कमरेएवढा वर आला आणि धाडकन खाली गेला. मग डावा. डावा वीतभर उचलला आणि तिथंच अडकला. दाजींनी सगळं अंग उजवीकडे टाकून तो ओढून वर घ्यायला बघितलं. नाही आला. खाली टाकला. परत उजवा, खणखणीत. परत डावा. ह्या वेळी वीतभरसुद्धा नाही. दाजी थांबले नाहीत. थांबायचा हुकूम नव्हता. चेहरा राखेसारखा झाला, ओठ दातांखाली गेले, सदरा पाठीला चिकटला, पण टेबल एवढं जवळ असून त्यांनी हात लावला नाही. चेकरनं आजवर लाख बहाणे बघितले असतील. बहाणा करणारा माणूस दुखणं मोठं करून दाखवतो. हा माणूस जीव तोडून ते लहान करत होता.

"थांबवा त्यांना," ताई बाकावरनं म्हणाली. ओरडली नाही. नुसतं म्हणाली.

"थम," बडे साहेब म्हणाले.

दाजी थमले. टाचा जुळवल्या. आणि मग त्यांचे गुडघे मऊ पडले. चेकरनं साक्षीदाराची खुर्ची पायानं त्यांच्या मागं ढकलली म्हणून, नाहीतर खालीच बसले असते.

बडे साहेब अध्यक्षांच्या कानाशी काहीतरी बोलले. सरकारी वकिलानं उठून म्हटलं, की ह्यावरूनही खुबा लढाईतच गेला असं सिद्ध होत नाही. अध्यक्ष म्हणाले, बरोबर, नाहीच होत. पण जुन्या बोर्डानं जे चाल सरळ म्हणून लिहिलं, ती चाल आम्ही आज पाहिली, आणि त्या शेऱ्यावर आता आमचा भरवसा नाही. तो शेरा रद्द. नव्यानं तपासणी, ती फौजेच्या नाही, साध्या सरकारी हॉस्पिटलात. गणवेशातलं कुणी तिथं हजर राहायचं नाही. मार जुना की नवा, हे तिथल्या डॉक्टरांनी हाड बघून सांगायचं. तोवर इलाज अडवायचा नाही.

बाहेर आल्यावर वकीलबाईंनी चेकरचा हात धरला आणि सोडला. काय बोलावं ते त्यांना सुचेना. दाजींना सुचलं.

"माझ्या नाड्यासुद्धा काढल्यास तू कोर्टात," ते म्हणाले. "साहेबांसमोर."

त्यानंतर ते चेकरशी बोलायचे बंद झाले. चहाला गेला की समोरासमोर बसून निरोप ताईमार्फत. "ह्याला सांग, साखर घे." "त्यांना सांग, घेतली." ताई वैतागली. म्हणाली, "माझी चाळणी केलीत दोघांनी. मी माहेरी गेले असते, पण माहेर म्हणजे हाच बसलाय समोर." तिनं कधी चेकरला सांगितलं नाही, की त्या सकाळी तो कोठीत आहे हे तिला माहीत होतं की नव्हतं. त्यानं एकदा आडून विचारलं. ती म्हणाली, "तूच तपास."

तपासणीचा दिवस आला. सरकारी हॉस्पिटल, लांब व्हरांडा, औषधाचा वास. हाडांचे फोटो काढून झाले होते. दाजींना पडद्याआड खाटेवर निजवलं. डॉक्टर तरुण होता, साधा शर्ट, बाह्या वर दुमडलेल्या. ताईला बाहेर बाकावर बसवलं. चेकर काही बसला नाही. पडद्याला लागून उभा राहिला. आत काय चाललंय त्यावर त्याचा काडीचा भरवसा नव्हता.

डॉक्टरनं पाय हलवून बघितला असावा. खाट करकरली. आवाज मात्र नाही.

"काही तक्रार?" डॉक्टरनं विचारलं. तोच प्रश्न. त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

"नाही," दाजी म्हणाले.

चेकरनं डोळे मिटले. संपलं. घर, ऑपरेशन, वकीलबाई, सगळं पाण्यात गेलं.

आत खाट परत करकरली. मग दाजींनी घसा खाकरला.

"डॉक्टर, बाहेर माझा मेहुणा उभा आहे. पडद्याला कान लावून. त्याला आत बोलवा."

"कशाला?"

"त्याला विचारा. मला सांगता येत नाही."

"तक्रार तुमची आहे की मेहुण्याची?"

"दुखतं मला," दाजी म्हणाले. "सांगायचं काम त्याचं आहे."

पडदा सरकला. चेकर आत गेला. दाजी छताकडे बघत पडले होते, हात बाजूला चिकटवून. त्यांनी मान वळवली नाही, पण खाटेवर जरासे सरकले आणि मेहुण्याला टेकायला जागा करून दिली.